मल्लूअण्णांचा स्क्रू ड्रायव्हर

आमच्या शेजारचे मल्लूअण्णा माझा फ्रिज स्क्रू ड्रायव्हरनं तपासतात. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्रिजला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला आणि डोळे मिटलेले. मग निदान: "टॅपेट वाजतंय की, वैनी!"

टॅपेट असतं इंजिनात, झडपा हलवायला; फ्रिजला ते नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मुलांनो (शाळा सुटली, तरी बाईंची सवय सुटत नाही), अण्णांना कोण सांगणार? हाच स्क्रू ड्रायव्हर त्यांनी माझ्या मिक्सरला लावलाय, पाण्याच्या मोटारीला लावलाय आणि एकदा जावयाच्या छातीलाही. जावई डॉक्टर आहे. तो गुमान उभा राहिला.

ही विद्या त्यांच्या जुन्या बुलेटची; इंजिनातला आवाज म्हणे असा थेट हाडातून ऐकायचा. तिचं इंजिन मूळ विलायती घडणीचं, सिलिंडर बिडाचा. इंजिन एका पेटीत, गिअर दुसऱ्या पेटीत. "सख्खं भाऊ हाईत, पर चुली येगळ्या," अण्णा सांगतात, "म्हनून तर टिकलं!" गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. जावयानं एकदा ब्रेक समजून गिअर दाबला आणि तो थेट गौराक्कांच्या तुळशीपाशी थांबला. गौराक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या एवढंच म्हणाल्या, "दर्शन झालं न्हवं? आता जेवाय चला."

टॅपेट हा अण्णांचा खास विषय. "दांडी दोन बोटांत फिराय पायजे, पर वरखाली हलाय न्हाय पायजे. संसारबी तसाच, वैनी."

मी विचारावं, "गौराक्कांचा गुडघा कसा आहे?" उत्तर गिअरपेटीचं. मी विचारावं, "उद्या पाणी येणार का?" उत्तर कार्बोरेटरचं. एका प्रश्नाला एक उत्तर, अशी माझी आयुष्यभराची शिस्त. मला राग यायचा. लेकीचा बेंगळुरूहून फोन आला तरी हा माणूस फोन गौराक्कांच्या हातात देई: "तूच बोल. मला टॅपेट बघायचं हाय." तिथं लेक बाळंत झाली, तरी तेच. मी गौराक्कांना म्हटलंसुद्धा, "दगड आहे हो तुमचा नवरा." त्या नुसत्या हसल्या.

परवा गौराक्का शिरोळला माहेरी गेल्या होत्या. त्यांची लोणच्याची वाटी परत द्यायला मी गेले. अण्णा अंगणात होते. बुलेट बंद. सीटवर फोन ठेवलेला, स्पीकर चालू, आवाज गल्लीभर. फोनवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक, मूठ कानामागं, डोळे मिटलेले.

"आप्पा," लेक ओरडत होती, "येतंय का ऐकायला? बाळ रडतंय बघा!"

बाळ खरंच रडत होतं. अण्णांनी मूठ आणखी घट्ट दाबली. चेहरा हळूहळू उजळला.

"व्हय की गं! येतंय, येतंय! फायरिंग एकदम बरोबर हाय!"

मी वाटी धरून तशीच उभी. चाळीस वर्षं हा माणूस फौंड्रीत घणांच्या आवाजात उभा होता, हे मला ठाऊक होतं. त्याचा हिशेब मात्र मी कधी मांडला नव्हता. अण्णांना आमचं कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. कुणी काही विचारू नये, म्हणून ते सारखे इंजिनाबद्दल बोलत राहायचे.

वाटी पायरीवर ठेवून मी पाय न वाजवता मागं फिरले. फाटकाशी आल्यावर ध्यानात आलं, वाजवले असते तरी चाललं असतं.