एका पानाची नवी जात

माझ्या हातचा नमुना कोणीही बघावा आणि खोट काढून दाखवावी. वाळवलेली झाडंझुडपं जाड कागदावर चिकटवायची, खाली चिठ्ठी लावायची आणि कपाटात ठेवायची, हे माझं वनस्पती संग्रहालयातलं काम. मी ते असं करतो की झाडानंही आरशात बघावं.

त्या दिवशी बाईंनी रानातून आणलेली वेल माझ्याकडे आली. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. बत्तीस वर्षं रानं तुडवली, पण एकही नवी जात नावावर नाही, आणि निवृत्ती महिन्यावर आलेली. वेल साधीच होती, बदामी पानांची. उचलताना एक पान गळलं. मी ते गोंदानं परत लावलं, मोकळी जागा दिसली म्हणून दुसऱ्या पानाच्या बरोब्बर समोर. जोडी काय शोभली!

तिसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. डोळ्याला भिंग, आवाज कापरा.

"हे बघितलंत? आपल्या रानातल्या या वेलीला पानं कायम एकाआड एक. हिला इथं समोरासमोर आहेत."

मी म्हणालो, "एखादं चुकून आलं असेल, बाई."

"झाडं चुकत नसतात."

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर बाईंचे डोळे भरून आलेले. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. "पानाच्या बगलेत, देठ फांदीला जुळतो तिथं, कोंब असतोच असतो. या पानाला तोही नाही! असं मी आयुष्यात पाहिलं नाही." कोंब कुठून असणार, तिथं माझा गोंद होता.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एक पान तर आहे. सांगून टाका."

"नोकरी जाईल."

"मग नका सांगू."

"बाईंचं सगळीकडे हसं होईल."

"मग सांगा."

तिनं ताट उचलून नेलं.

गुरुवारी ही नवी जात बघायला बाहेरचे मोठे तज्ज्ञ येणार असं ठरलं. वेलीला माझं नाव द्यायचं, हेही बाईंनी ठरवलं.

तज्ज्ञ यायला तासभर होता. बाईंनी वाटीत कोमट पाणी घेतलं. वाळलेली फांदी मऊ करून आतून बघायची होती.

"बाई, पाण्यात नको."

"का बरं?"

"ते पान मी चिकटवलंय."

एवढं बोलेपर्यंत फांदी बुडाली होती आणि पान एकटंच वर तरंगत होतं. बाई खुर्चीत बसल्या. मी ओरडा ऐकायला खांदे आवळून उभा राहिलो. त्यांनी फोन करून तज्ज्ञांना येऊ नका म्हणून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी विचारलं, "गळालेली पानं नेहमी अशीच लावता?"

"जोडी जमेल तिथं, बाई."

"किती वर्षं?"

"नऊ."

आम्ही दोघांनी सावकाश मागे वळून पाहिलं. एकवीस कपाटं, छतापर्यंत.

बाईंनी निवृत्ती पुढे ढकलली आहे. रोज सकाळी पाणी कोमट करायचं काम माझ्याकडे आहे.