दिगंबररावांचं नादुरुस्त विमान

माझे साडू दिगंबरराव स्कूटरवर बसण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. पुढचा टायर दाबून बघायचा, ब्रेकची केबल ओढायची, आरशावरून बोट फिरवायचं, मागचा दिवा हलवून बघायचा आणि शेवटी सीटवर दोनदा थाप मारून "ठीक" म्हणायचं. सोलापुरात सात रस्त्यावर भर गर्दीत, मागून रिक्षावाले हॉर्न बडवत असले तरी ही फेरी चुकत नाही. एकदा तिथल्या एका फुलवाल्या बाईनं त्यांना विचारलं, "काका, नवस हाय का कसला?" आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरला झेंडूचा हार घातला. दिगंबररावांनी हाराचे पैसे दिले, हार काढून माझ्या हातात दिला आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"मध्ये खंड पडला की सगळं परत तपासायचं, साडूभाऊ. विमानाचा नियम आहे."

मी मागं बसायच्या तयारीत हार धरून उभा होतो. त्यांनी माझ्याही खांद्यावर दोनदा थाप मारली. "ठीक" मात्र म्हणाले नाहीत.

दिगंबरराव वैमानिक नाहीत. एका पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून ते निवृत्त झाले. माझ्या बायकोची थोरली बहीण मालूताई त्यांची पत्नी. साडू म्हणून लोक आमची तुलना करतात, आणि ती लवकर संपते. दिगंबररावांना कुठलीही वस्तू उघडून परत जोडता येते. मला उघडता येते.

त्यांच्या पॉलिटेक्निकच्या मागच्या शेडमध्ये एक विमान होतं. जुनं, दोन सीटचं, एकामागं एक बसायचं. पंखांवर पत्रा नाही, ताणून बसवलेलं कापड. कुणे एके काळी मुलांना शिकवायला म्हणून ते ट्रकवर घालून आणलेलं. पुढं अभ्यासक्रम बदलला, विमान ताडपत्रीखाली गेलं आणि त्यात वॉचमनच्या कोंबड्या राहायला आल्या. दिगंबरराव निवृत्त झाले त्याच सुमारास संस्थेनं ते भंगारात काढायचं ठरवलं. दिगंबरराव म्हणाले, मी दुरुस्त करतो. संस्था म्हणाली, करा, पण पैसे आमच्याकडं नाहीत, आणि काम झालं की शेड मोकळी करून द्या. दूरच्या एका शहरातल्या संग्रहालयानंही कळवलं, की पूर्ण झालं तर आम्ही ट्रक पाठवून घेऊन जाऊ.

म्हणजे विमान दुरुस्त झालं की ते जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण ते दुरुस्त होईल असंच कुणाला वाटलं नव्हतं.

दिगंबररावांनी आधी गावात वर्गणी मागून बघितली. गणपतीला मोकळ्या हातानं देणारे लोक विमानाला देत नाहीत. एका दुकानदारानं तर सरळ विचारलं, "उडणार न्हाय, आमाला बसवणार न्हाय, मग पैसे कशाचे?" मला ते पटलं. मीही काही दिलं नाही.

मग दिगंबरराव संगणकाकडं वळले. संगणकावर घरबसल्या विमान चालवता येतं, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्याला खेळ म्हटलेलं दिगंबररावांना चालत नाही. जगभरचे लोक त्यात खुर्चीला पट्टा बांधून तासन् तास उडत असतात, आणि कुणी नवं विमान तयार करून दिलं तर ते आपल्या सिम्युलेटरमध्ये बसवून घेतात. दिगंबररावांनी आयुष्यभर नटबोल्टची चित्रं काढली होती. त्यांनी आपल्या विमानाचा स्क्रू न् स्क्रू संगणकात काढला आणि ते सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. खाली एक ओळ लिहिली, की आवडलं तर खऱ्या विमानाच्या दुरुस्तीला हातभार लावा.

कुणी ढुंकून बघितलं नाही. चकचकीत विमानं तिथं पैशाला पासरी होती.

तेव्हा दिगंबरराव चिडले, आणि चिडून त्यांनी विमान जसं शेडमध्ये उभं होतं तसंच काढलं. डावा पंख फाटका. ब्रेक एकाच बाजूचा लागणारा. होकायंत्र कुठंही वळवलं तरी अक्कलकोटकडंच बघणारं. मागच्या सीटवर कोंबडी. "खोटं कशाला दाखवायचं?" असं म्हणून त्यांनी ते पाठवून दिलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, लोक वेडे झाले. चिलीमधल्या एका माणसानं लिहिलं, "तुमचं विमान जमिनीवरून उठतच नाही, काय करू?" दिगंबररावांनी उत्तर पाठवलं, "माझंही उठत नाही."

तिथून ते रुळलं. लोक हातभार लावत, त्यातून एखादा भाग दुरुस्त होई, आणि शेडमध्ये तो बसला की त्याच आठवड्यात दिगंबरराव नवं अपडेट पाठवत. ज्या आठवड्यात इथं ब्रेक लागला त्याच आठवड्यात तो ब्राझीलमध्येही लागला. कोंबडी गेली तेव्हा मात्र तक्रारी आल्या.

कुणी चूक दाखवली की दिगंबररावांचं उत्तर ठरलेलं असे, "दोष माहीत आहे. पुढच्या अपडेटमध्ये." हळूहळू हे उत्तर घरातही आलं. स्वयंपाकघरातला नळ गळतो? दोष माहीत आहे. कपाटाचं दार लागत नाही? दोष माहीत आहे. मालूताई मला म्हणाली, "अनंतराव, चिलीतल्या माणसाचा ब्रेक दुरुस्त होतो, आणि माझ्या नळाखाली दोन वर्षं पातेलं आहे. मी चिलीला जाऊन तक्रार करू का?"

त्यांनी विमानाबरोबर आपला जिल्हाही काढला होता. उजनी धरणाचं पाणी, काठच्या केळीच्या बागा, आणि सोलापुरात स्वतःच्या घराची गच्ची, तिच्यावर मालूताईच्या कुरडया. एका जर्मन माणसानं विचारलं, त्या गच्चीवरच्या पांढऱ्या गोल खुणा कसल्या आहेत, तिथं उतरायचं असतं का? तेव्हापासून लोक तिथं उतरायला लागले. मालूताईला कळल्यावर ती म्हणाली, "माझ्या वाळवणावर विमानं उतरवतात व्हय! आणि हे बघत बसतात!"

मलाही एकदा त्यांनी चालवायला दिलं. मी पहिल्यांदा उजनीच्या पाण्यात पडलो. दुसऱ्यांदा केळीत.

"प्रगती आहे," दिगंबरराव म्हणाले, "जमिनीवर आलात."

पंखांचं कापड नरसय्यानं विणून दिलं. नरसय्याचे यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात, चादरी विणण्यात तीन पिढ्या गेल्या. विमान उडणार नव्हतं, त्यामुळं कापड सरकारमान्य असायची गरज नव्हती. दिगंबररावांनी बजावलं होतं, साधं पांढरं पाहिजे, काठ नको. कापड आलं तेव्हा त्याला लालभडक काठ.

"अरे, नको म्हटलं होतं ना?"

"सर, काठ नसल्यावर ते कापड कसलं? जखमंला बांधायची पट्टी हाय ती. इमानाला शोभंल का?"

दिगंबररावांनी दोन दिवस कापड उलटंपालटं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काठासकट कापड पंखावर ताणलं, लेप दिला, आणि खोटं चालत नसल्यामुळं संगणकातल्या पंखालाही काठ काढला. परदेशातून लगेच विचारणा झाली, हा लाल पट्टा कुठल्या तुकडीची खूण? दिगंबररावांनी लिहिलं, "नरसय्याची."

अशी काही वर्षं गेली आणि विमान पूर्ण झालं. असं मी म्हणतो. दिगंबरराव म्हणत नव्हते. संग्रहालयाचा फोन आला की ते सांगत, अजून शेपटीच्या चाकात दोष आहे. मग पुढच्या सीटच्या पट्ट्यात. मग रंगात. जगभरचे लोकही बुचकळ्यात पडले, कारण त्यांची विमानं आता मजेत उडत होती आणि इकडून दर आठवड्याला नवा दोष जाहीर होत होता. शेवटी संस्थेनं कळवलं, मार्चअखेर शेड रिकामी पाहिजे. संग्रहालयानं नेलं नाही, तर भंगारवाला नेईल.

मालूताईनं मला बोलावून घेतलं. "तुम्ही विचारा ह्यांना. मी विचारलं तर म्हणतील दोष माहीत आहे."

मी दुपारी शेडमध्ये गेलो. दिगंबरराव फडक्यानं पंख पुसत होते. पंखावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"आता काय राहिलंय?"

"मागच्या सीटची कडी नीट बसत नाही."

मी चढून कडी लावून बघितली. काढून बघितली. परत लावली.

"बसते की चांगली."

"साडूभाऊ, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणूनच सांगतो. माझ्या हातात जी वस्तू मोडत नाही, तिच्यात दोष असूच शकत नाही."

यावर ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि खिशातून फोन काढला. संग्रहालयानं जागेचा फोटो पाठवला होता. मोठा हॉल, गुळगुळीत फरशी, ओळीनं उभी विमानं. प्रत्येक विमानाभोवती जाड दोरी, आणि दोरीला पाटी: हात लावू नये.

"यात आता कुणी बसणार नाही," दिगंबरराव म्हणाले. "मी पोरांना आधी यात बसवायचो, मग ड्रॉइंग काढायला लावायचो. हात लावल्याशिवाय रेघ सरळ येत नाही हो."

"पण सुरक्षित राहील," मी म्हटलं.

"कपाटातली पैठणीपण सुरक्षित राहते."

मी हे सगळं जसंच्या तसं मालूताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "एवढंच ना? मग जायच्या आधी ज्याला बसायचंय त्यानं बसून घ्यावं की! रविवारी सगळ्यांना बोलावते." आणि तिनं संध्याकाळपर्यंत कॉलनीभर निरोप धाडलेसुद्धा, हळदीकुंकवाला धाडतात तसे. दिगंबररावांना सगळ्यात शेवटी कळलं. त्यांनी वजनाची मर्यादा, चपला, लहान मुलं अशा अडचणी काढल्या. मालूताई म्हणाली, "चपला बाहेर काढायला लावा. आणि काय?" शनिवारी त्यांनी संग्रहालयाला फोन करून सोमवारी ट्रक पाठवा म्हणून सांगितलं, आणि जगभर शेवटचं अपडेट पाठवलं: आता एकही दोष शिल्लक नाही.

रविवारी फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं आणि शेडबाहेर चपलांचा ढीग. दिगंबरराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. मागं एकेक जण येऊन बसे. दर वेळी ते मान वळवून पट्टा तपासत, दांडा कुठला, पायाखाली काय ते सांगत, आणि मग "निघालो... एक चक्कर... उतरलो" म्हणून पुढच्याला बोलावत. नरसय्या सगळ्या कुटुंबाला घेऊन आला होता. तो बसला तेव्हा त्यानं समोर बघितलंच नाही. सगळी चक्कर पंखाच्या काठाकडं बघत काढली. मी बसलो तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "तुम्ही कशालाही हात लावू नका." संग्रहालयाचा नियम माझ्यापुरता एक दिवस आधीच लागू झाला.

इंजिन जागेवर होतं, पण चालणारं नव्हतं. माझी बायको सुमन बसली आणि म्हणाली, "भाऊजी, निदान तोंडानं आवाज तरी काढा की."

"खोटा आवाज मी काढत नसतो."

मालूताई सकाळपासून चहा देत फिरत होती. सगळ्यांचं झालं, कपबशा गोळा झाल्या, तेव्हा दिगंबरराव खाली उतरले आणि म्हणाले, "मालू, चल."

"मला नको. पातळ अडकतंय कुठंतरी."

त्यांनी मागची सीट आपल्या रुमालानं पुसली. तिला हात देऊन वर चढवलं, पदर आत घेऊन पट्टा बांधला, कडी दोनदा बघितली. मग पुढं जाऊन बसले, आणि जे त्यांनी दिवसभरात कुणालाही विचारलं नव्हतं ते विचारलं, "कुठं जायचं?"

मालूताई हसली. "सोडा माहेरी."

ह्या दोघी बहिणींचं माहेर मंगळवेढ्याचं, ज्वारीच्या मुलखातलं. आई गेल्यावर ते घर विकलं, भाऊ पुण्याला गेले. पुढं कुणी कुणाला बोलावलं नाही, आणि मंगळवेढ्याची एसटी समोरून गेली तरी बहिणी तिच्याकडं बघत नाहीत.

दिगंबरराव हसले नाहीत. त्यांनी दांडा धरला, आणि शेडमध्ये एक बारीक घरघर सुरू झाली. ती त्यांच्या तोंडातून येतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला. घरघर वाढली, मग एका सुरात लागली. बोलण्यापुरती ते ती थांबवत.

"सीना गेली."

घरघर.

"आता भीमा. डावीकडं बघ, पाणी आहे अजून."

मालूताईनं डावीकडं बघितलं. डावीकडं शेडचा पत्रा होता. तिनं पदर कानावरून ओढून घेतला, वारा लागत असावा तसा. मग डोळे मिटले. इतरांच्या चकरा दोन मिनिटांत आटपल्या होत्या. ही संपेचना. नरसय्याची नातवंडंसुद्धा पंखाखाली मांडी घालून वर बघत बसली होती. सुमननं माझा दंड धरला होता.

घरघर हळूहळू उतरली आणि थांबली. दिगंबरराव उतरले, मागं आले, त्यांनी पट्टा सोडला आणि हात पुढं केला. मालूताई खाली आली. मला गप्प राहवत नाही.

"पोचलात का ताई?" मी विचारलं.

"पोचलो की," ती पायानं चपला शोधत म्हणाली. "ज्वारी काढणीला आलीय."