एकशे नव्वद पौंड

सोमवारी सकाळी लाइल हेगस्टॅडने बाथरूममधला वजनकाटा आणून न्याहारीच्या टेबलावर ठेवला.

"आधी तो खाली ठेव," कोरीन म्हणाली. "रोज अनवाणी उभा राहतोस त्याच्यावर."

"शुक्रवारी बाराच्या आत फॉर्म पाठवायचाय, कोरीन. चार दिवस राहिलेत."

"म्हणून माझ्या लोण्याशेजारी?"

लाइलने काटा खुर्चीवर ठेवला आणि त्यावर तवा ठेवला. पाच पौंड. त्याने वहीत पाच लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि सुस्कारा सोडला. आमच्या गावात लाइलचा सुस्कारा सगळे ओळखतात. हायवेवरच्या सरकारी वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस तो. लाकडाचे, गुरांचे, गवताच्या गठ्ठ्यांचे ट्रक त्याच्यापुढून जात आणि वजन चाळीस पौंड जरी जास्त भरलं तरी लाइल आधी असाच सुस्कारा सोडायचा आणि मग दंडाचं पावतीपुस्तक काढायचा. रिटायर झाला त्या दिवशी अर्ध्या मोंटानातल्या ड्रायव्हरांनी एकमेकांना फोन केले म्हणतात.

आता प्रश्न त्याच्या स्वतःच्या ट्रकचा होता. ट्रकच्या हौद्यात बसणारी एक छोटी खोली त्यांनी कारखान्यात नोंदवली होती. प्रवासात तिचं छत खाली दबलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की छत आतून वर ढकलायचं, मग कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत पलंग, शेगडी, टेबल असा संसार उभा राहतो. खोली ठरली होती, रंग ठरला होता. ठरायचं होतं ते खोलीत काय काय बसवून घ्यायचं हे, आणि त्याची यादी चार पानांची होती. शुक्रवारी बारा वाजता यादी बंद होणार होती. चुकली तर यांची पाळी पुढच्या गिऱ्हाइकाला आणि यांना आणखी चौदा महिने थांबणं.

कोरीनला चौदा दिवससुद्धा थांबायचं नव्हतं. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं होतं आणि छत्तीस वर्षं सुट्टीत लाइलबरोबर तंबूत, जमिनीवर पाठ टेकली होती. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप केला. पहाटे तंबूतून बाहेर यायला तिला दहा मिनिटं लागली, आणि जायचं होतं ते ठिकाण झाडामागे होतं. त्याच पहाटे तिने जाहीर केलं होतं की यापुढे ती जमिनीवर झोपणार नाही आणि झाडामागे जाणार नाही. या सप्टेंबरात दोघांनी सहा आठवडे युटाच्या वाळवंटात राहायचं, आणि माणसासारखं राहायचं.

"मला चार गोष्टी हव्यात," ती म्हणाली. "हीटर, फ्रिज, टॉयलेट आणि उन्हासाठी बाहेर ओढायचं छप्पर. बाकी तुझं चालू दे."

चार गोष्टींचं ऐकायला बरं वाटतं. पण फ्रिज घेतला की दुसरी बॅटरी लागत होती. बॅटरी भरायची तर छतावर सोलर पॅनल. पॅनलने छत जड झालं की ते वर ढकलायला लाइलचा उजवा खांदा पुरेना, म्हणून छत उचलणारे गॅसचे दांडे. दांडे लावले की छत वाऱ्यात वर उडू नये म्हणून मोठ्या कड्या. लाइलने विक्रेत्याकडच्या शेल्बी नावाच्या मुलीला फोन लावला.

"फ्रिजच काढला तर?" त्याने विचारलं.

"काढता येईल ना, मिस्टर हेगस्टॅड. मग बर्फाची पेटी देतो आम्ही."

"पेटीचं वजन?"

"नऊ पौंड."

"आणि बर्फाचं?"

"हे आजवर कोणी विचारलं नाही हो."

बर्फ वीस पौंड लागणार होता, तोही दर दोन दिवसांनी, आणि वाळवंटात बर्फाचं दुकान सत्तर मैलांवर. म्हणजे येण्याजाण्याचं पेट्रोल जास्त, ते न्यायला डबा, डब्याचं वजन. लाइलने ते सगळं वहीत उतरवलं. फ्रिज काढल्याने वजन अकरा पौंडांनी वाढत होतं.

मंगळवारी तो रिकामा ट्रक मोजायला पशुखाद्याच्या दुकानात गेला, कारण गावातला मोठा काटा तिथेच आहे. काट्यावर होता टग बार्लो. एकेकाळी याच टगला लाइलने भर जानेवारीत गवताचे दोन गठ्ठे रस्त्याकडेला उतरवायला लावले होते.

टगने खिडकीतून ट्रक पाहिला, ट्रकमधला माणूस पाहिला आणि जेवणाचा डबा बाजूला ठेवला. "या, या, साहेब! किती वर्षं वाट पाहतोय मी!"

"वजन करायचंय, टग. नुसतं वजन."

"नुसतं कसं? कागदपत्रं दाखवा. इंजिन बंद करा. खाली उतरा."

"टग."

"तुम्ही मला खाली उतरवलं होतं साहेब. उणे अठरा होतं बाहेर."

लाइल निमूट खाली उतरला. आकडा त्याला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. त्याने ट्रक मागे घेतला, पुन्हा चढवला. तोच आकडा. त्याने टगला काटा शेवटचा कधी तपासला होता ते विचारलं, आणि टग इतका हसला की दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.

"म्हातारी झाली गाडी," टग डोळे पुसत म्हणाला. "माणसासारखंच असतं साहेब. वयाबरोबर अंगात भरतं."

घरी येऊन लाइलने बेरीज केली. ट्रक, खोली, कोरीनच्या चार गोष्टी, त्या चार गोष्टींनी ओढून आणलेल्या आणखी चार गोष्टी, पाणी, भांडी, कपडे, दोन माणसं आणि बटन नावाचं कुत्रं. ट्रकच्या दारावरच्या कंपनीच्या चिठ्ठीत जेवढं वजन मान्य होतं त्यापेक्षा एकशे नव्वद पौंड जास्त. त्याने बेरीज खालून वर केली. तरी एकशे नव्वद.

"थोडं इकडे तिकडे चालतं की," कोरीन म्हणाली. "कोण बघतंय?"

लाइलने पेन खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं हेच वाक्य त्याने रोज, प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं होतं. आणि घाटात ब्रेक तापून दरीत गेलेले ट्रक त्याने पाहिले होते, त्यातल्या माणसांची नावं त्याला अजून पाठ होती. तशा ट्रकमध्ये तो कोरीनला बसवणार नव्हता.

बुधवारी बटन घरच्या काट्यावर उभा राहीना म्हणून लाइल त्याला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एकसष्ट पौंड. वहीत आधी साठ लिहिलं होतं. गुरुवारी त्याने स्टीलच्या चमच्यांच्या जागी लाकडी चमचे लिहिले, दोन टॉवेलांचा एक केला, टूथब्रशची दांडी कापून पाहिली. दिवसभराची कमाई चार पौंड झाली, त्यातला एक बटनने आधीच खाल्ला होता आणि कोरीनने तिची पुस्तकं तीन पौंडांची आहेत असं सांगितल्यावर बाकीचीही गेली. दुपारी तो शेवटी स्वतः काट्यावर चढला. दोनशे चार.

तिथेच उभा राहून तो वही चाळत राहिला. वहीतला एकच आकडा असा होता की तो एकटा खोडला तर सगळं जमत होतं. हीटर राहत होता, टॉयलेट राहत होतं, पुस्तकंसुद्धा राहत होती.

शुक्रवारी पावणेबाराला तो कोरीनसमोर टोपी हातात धरून बसला. "मी येत नाही," तो म्हणाला.

"कुठे?"

"युटाला. तू जा, बटनला घेऊन जा. सगळं बसवून घे. हिशोब मी केलाय, माझ्याशिवाय चौदा पौंड उरतात सुद्धा." त्याने टोपी हातात फिरवली. "मला काय, वाळवंटात मला नाहीतरी शिंका येतात."

कोरीनने हात पुसले. तिने टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला, चष्मा लावला आणि पेन उचललं. बाहेर ओढायच्या छपरावर काट मारली. मग फ्रिजवर. मग हीटरवर. टॉयलेटच्या ओळीवर पेन जरा वेळ थांबलं. शेवटी तिने तिथेही काट मारली.

"कोरीन!"

"गप्प बस. छत्तीस वर्षं झाडामागे गेले, आणखी थोडी जाईन." ती उठली. "देते पाठवून."

ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे गेली. लाइलला भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईला आपण साधं छप्परसुद्धा दिलं नाही आणि ती आपल्यासाठी टॉयलेट सोडते, असं त्याला खरोखर वाटलं, आणि डोळे पुसायला तो बाहेर अंगणात गेला.

मार्चचं ऊन पडलं होतं. ट्रकच्या हौद्यावरचं झाकण थंडीभर गोठून बसलं होतं, ते आज ठिबकायला लागलं होतं. खोली बसवायच्या आधी हे झाकण काढावं लागणार, बघू तरी निघतं का, म्हणून लाइलने ओढलं. सवा बारा वाजले होते. झाकण निघालं आणि आत, पुढच्या कडेला एका ओळीत, वाळूच्या चार पिशव्या दिसल्या.

आमच्याकडे बर्फ पडायला लागला की मागची चाकं घसरू नयेत म्हणून सगळेच ट्रकमध्ये वाळू टाकतात. नोव्हेंबरात लाइलने स्वतःच्या हातांनी टाकली होती. एकेक पिशवी साठ पौंडांची. चार पिशव्या दोनशे चाळीस. टगच्या काट्यावर त्याने वाळूसकट ट्रक मोजला होता, आणि ते एकशे नव्वद पौंड जास्त वजन मुळात कधी नव्हतंच. उलट पन्नास पौंड शिल्लक होते.

लाइलने घराच्या खिडकीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. फॉर्म गेला होता, यादी बंद झाली होती, कोरीनचं टॉयलेट कायमचं खोडलं गेलं होतं, आणि ते खोडायला लावणारा माणूस हायवेवरचा वजन-इन्स्पेक्टर होता. त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पहिली पिशवी खांद्यावर घेतली आणि गुपचूप शेडच्या मागे नेऊन टाकली. मग दुसरी. चोर ड्रायव्हर हेच करायचे, काट्याच्या मैलभर आधी झुडपात माल लपवायचे, आणि लाइल त्यांना बर्फातल्या पावलांवरून पकडायचा. चौथी पिशवी टाकून वळला तेव्हा त्याने पाहिलं, अंगणातल्या उरल्यासुरल्या बर्फात ट्रकपासून शेडपर्यंत त्याच्याच बुटांची ठसठशीत वाट पडली होती.

बारा चाळीसला तो घरात आला. खांदा दुखत होता, कोटावर वाळू होती.

"कोरीन, मला काहीतरी सांगायचंय. रागावू नकोस. नाही, रागाव. पण आधी ऐक."

त्याने सगळं सांगितलं. टगचा काटा, पिशव्या, शेड, पावलं. कोरीन सूप ढवळत ऐकत होती.

"असू दे रे," ती म्हणाली. "होतं असं."

लाइल घाबरला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि कोरीन त्याला आजवर एकदाही 'असू दे' म्हणाली नव्हती. "तुझं टॉयलेट गेलं, कोरीन. हीटर गेला!"

"ऐकलं मी. हात धू."

तेवढ्यात फोन वाजला. लाइलने उचलला. शेल्बी होती, आणि भलतीच खुशीत होती.

"अभिनंदन, मिस्टर हेगस्टॅड! तुमची यादी कारखान्यात पक्की झाली. हीटर, फ्रिज, टॉयलेट, छप्पर, पॅनल, दांडे, सगळं मिळालं."

"सगळं खोडलं होतं ना आम्ही?"

"नाही हो. मिसेस हेगस्टॅडनी बुधवारी पाठवला तोच फॉर्म आहे. त्यानंतर काहीच आलं नाही."

लाइलने फोन हळूच ठेवला. आधी त्याला हायसं वाटलं, इतकं की तो खुर्चीवर बसला. मग तो विचार करायला लागला, आणि हायसं वाटणं हळूहळू ओसरलं.

"बुधवारी?" तो म्हणाला.

"तू बटनला घेऊन गेला होतास तेव्हा. तुझी वही बघितली आणि कळलं, हा माणूस शुक्रवार घालवणार."

"मग आज सकाळची ती काटाकाटी?"

"ती दुसरी प्रत होती. तू इतक्या प्रेमाने घरी राहायला निघालास, मला नुसतं बघत बसायला बरं वाटेना."

"पण बुधवारी वाळूचं कोणालाच ठाऊक नव्हतं, कोरीन. बुधवारी आपण एकशे नव्वद पौंड जास्त होतो."

"होतो."

"म्हणजे जास्त वजन घेऊन तू घाटातून जाणार होतीस?"

"छे! तुझ्याबरोबर राहून एवढं तरी शिकले. एक पौंडसुद्धा जास्त नेणार नव्हते."

लाइलने मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळी यादी वरपासून खालपर्यंत मोजली. दारापाशी बटन झोपला होता. लाइलने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"मग याला ठेवून जाणार होतीस ना?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

"तो एकसष्ट पौंडांचा आहे, लाइल," कोरीन म्हणाली. "एकसष्टने काय होणार होतं?" आणि तिने सूपचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.