बसल्या बसल्या बास्केट

"पंचाला बायको नसते!" डॉक्टरांनी सकाळी आरशासमोर जाहीर केलं आणि बूट घालायला खाली वाकले. "पंचाला दवाखाना नसतो. पंचाला फक्त नियम असतात!"

"आणि जेवण?" आतून बायकोने विचारलं. "ते असतं का पंचाला?"

डॉक्टर दातांचे. पण रविवारी गळ्यात शिट्टी अडकवली की ते दात विसरून पंच व्हायचे. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं, अगदी तळटीपांसकट! त्या दिवशी महिलांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि ठरलेल्या पंचांचा ऐनवेळी पाय मुरगळला, म्हणून संयोजकांनी डॉक्टरांना गाठलं. अडचण एवढीच होती की शिक्षिकांच्या संघाची कर्णधार त्यांची बायको होती आणि परिचारिकांच्या संघाची कर्णधार त्यांच्याच दवाखान्यातली सिस्टर. बायको रागावली तर घर बंद. सिस्टर रागावली तर दवाखाना बंद, कारण कुठलं औजार कुठल्या खणात आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं!

तरी दोन्ही संघांनी लेखी संमती दिली. जोडीला दुसरे पंच म्हणून निवृत्त पोस्टमास्तर होते. ते भांडणात कधीच पडत नसत, कारण भांडण सुरू झालं की ते नेमके दुसरीकडे बघत असत.

सामना रंगला. शेवटचे सहा सेकंद उरले. शिक्षिका एक्केचाळीस, परिचारिका चाळीस!

सिस्टरला चेंडू मिळाला. ती वळली आणि घामाने ओल्या झालेल्या फरशीवरून तिचा पाय सटकला. धप्पकन बसलीच! पण चेंडू सोडला नाही. तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून, बसल्या बसल्या, लोण्यावरून सुरी फिरावी तशी ती सरळ बास्केटच्या दिशेने घसरत गेली आणि थांबली ती थेट डॉक्टरांच्या बायकोच्या पायाशी. बायको हात पसरून उभी होती. तिने खाली पाहिलं. सिस्टरने वर पाहिलं. आणि बसल्या जागेवरूनच चेंडू भिरकावला!

फुर्रर्र!

शिट्टी वाजली. चेंडू रिंगवर दोनदा आपटला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि आत पडला. त्याच क्षणी वेळ संपली.

डॉक्टर चहूकडे बघायला लागले. शिट्टी कुणी वाजवली? मग त्यांच्या लक्षात आलं, आपणच! वाजवायची नव्हती हो! "अरे बापरे" म्हणायला गेले, तोंडात शिट्टी होती, शब्दांऐवजी तीच बाहेर पडली.

सगळा हॉल त्यांच्यावर चालून आला.

"ट्रॅव्हलिंग!" बायको गरजली. "चेंडू हातात धरून अर्धा कोर्ट फिरून आली ही!"

"कर्णधार, आपण जरा मागे व्हा," डॉक्टर म्हणाले.

"आपण? घरी चला, मग सांगते आपण कोण ते!"

"पडल्यावर चेंडूसकट घसरत जाणं हा गुन्हा नाही," डॉक्टरांनी घाम पुसला. "चेंडू धरून लोळली असती किंवा उठायला गेली असती तर गुन्हा. ती नुसती बसली होती."

परिचारिकांनी जल्लोष केला.

"थांबा!" बायको म्हणाली. "मग शिट्टी कशाला वाजवलीत? शिट्टी झाली की खेळ थांबतो ना?"

जल्लोष थांबला. खरा पेच इथेच होता. शिट्टीच्या वेळी चेंडू सिस्टरच्या हातात असेल तर बास्केट बाद. हातातून सुटून हवेत असेल तर बास्केट धरायची. आणि त्यांना स्वतःला काहीच आठवेना!

"तुम्ही पाहिलंत?" त्यांनी पोस्टमास्तरांना विचारलं.

"मी घड्याळ बघत होतो."

"सिस्टर, तुम्ही?"

"डॉक्टर, खरं सांगू? माझे डोळे मिटलेले होते."

"मला विचारा ना!" बायको उसळून पुढे आली. "मी पाहिलंय! चेंडू हिच्या हातातून सुटला, माझ्या डोक्यावरून चालला, मी हात वर नेला, आता बोट लागणार एवढ्यात तुमची ती मेली शिट्टी..."

ती थांबली. सगळा हॉल थांबला.

"म्हणजे चेंडू हवेत होता," डॉक्टर हळूच म्हणाले.

बायकोने एकदा सिस्टरकडे पाहिलं, एकदा रिंगकडे. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. "होता," ती म्हणाली.

परिचारिका बेचाळीस, शिक्षिका एक्केचाळीस! सिस्टरला मैत्रिणींनी खांद्यावर घेतलं. दवाखाना वाचला. घराचं काय, ते मात्र गाडीत बसेपर्यंत कळायला मार्ग नव्हता.

गाडीत बायको गप्प. पहिला सिग्नल गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिला एकदम हसू फुटलं.

"कशी घसरत आली हो ती! ताट सरकवल्यासारखी!" तिने डोळे पुसले. "बरं झालं बास्केट धरलीत. आम्ही जिंकलो असतो तर शाळेत वर्षभर ऐकावं लागलं असतं, नवऱ्याने जिंकवलं म्हणून."

डॉक्टरांचा सकाळपासून अडकलेला श्वास एकदाचा सुटला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. छाती आपोआप फुगली.

"म्हणजे निर्णय बरोबर दिला ना मी?"

"तुम्ही?" बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "निर्णय मी दिला. तुम्ही नुसते दचकलात!"