उत्तरा सिस्टरचे पैकीच्या पैकी

"फॉर्म माझ्यावर सोडा. पैकीच्या पैकी मिळवून दाखवते," उत्तरा सिस्टरांनी छातीठोकपणे सांगितलं आणि डॉक्टर हरिहरांनी ते आनंदाने सोडले. ठाकुर्लीच्या त्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात कागद म्हटला की तो सिस्टरांच्याच गळ्यात पडायचा!

फॉर्म आलेले वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेकडून. अभ्यासातून सिद्ध झालेल्या पद्धती स्वीकारायला हॉस्पिटल कितपत तयार आहे, हे त्यांना जोखायचं होतं. जे तयार दिसेल तिथे त्यांची माणसं येऊन डॉक्टरांसकट सगळ्यांना शिकवणार. सिस्टरांना हेच तर हवं होतं! ऑपरेशनच्या सकाळी पेशंट कोरड्या ओठांनी पाणी मागतात आणि आपण नाही म्हणतो, हे त्यांना एकोणीस वर्षं खुपत होतं. दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना साधं पाणी चालतं, हे त्यांनी वाचलेलं, डॉक्टरांना तीनदा दाखवलेलंही. डॉक्टर तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. कुणाला पाटल्यांची हौस असते, कुणाला फ्लॅटची. आमच्या सिस्टरांचा जीव अडकलेला एका ग्लासात! एकदा तरी आपल्या हाताने कुणाचा तरी घसा ओला व्हावा, बस्स.

आता तपासणी म्हणजे तपासणी. सिस्टरांनी स्टाफला बजावलं, वाचत बसू नका, प्रत्येक ओळीत शेवटच्या, सगळ्यात जास्त मार्कांच्या चौकोनात टिक मारा. सफाईवाल्या रतनमावशींच्या हाताला फिनेल लागलेलं, म्हणून त्यांचा फॉर्म स्वतःच भरला. सव्वीस फॉर्म, सगळे एका साच्यातले!

शनिवारी संस्थेच्या मैथिली मॅडम आल्या आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये तोंडभरून कौतुक करू लागल्या. शेवटच्या चौकोनाचा अर्थ होता, 'आमच्याकडे हे नेहमीच होतं'. बाविसावा प्रश्न नेमका पाण्याचा. तेव्हा इथे शिकवायची गरजच नाही. उलट ठाण्या-कल्याणच्या आठ नर्स गुरुवारी बघायला येतील आणि उत्तरा सिस्टर त्यांना शिकवतील.

 सिस्टरांनी खरं बोलायला तोंड उघडेपर्यंत डॉक्टर "अवश्य पाठवा" म्हणून मोकळे झाले. मॅडम गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आपण देतो पाणी?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, द्या की, मी कधी नाही म्हटलंय? शेवटी ठरलं, गुरुवारी द्यायचं, पुढचं बघू.

गुरुवारी सिस्टर लग्नघरातल्यासारख्या लगबगीने आल्या. नवा काचेचा ग्लास घरून आणलेला. पेशंट कोलशेतचे धोंडिबा, हर्नियाचं ऑपरेशन अकराला. म्हणजे नऊपर्यंत वेळ होता, आणि वाजलेले सव्वाआठ. आठ नर्स वह्या उघडून खाटेभोवती उभ्या. सिस्टरांनी ग्लास पुढे केला.

"घ्या काका. पोटभर प्या."

धोंडिबांनी ओठांवरून जीभ फिरवली, हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. मागच्या हर्नियाला मी चोरून घोट घेत होतो, तर तुम्हीच ग्लास काढून घेतलेला. वर बोललात, जिवाशी खेळू नका. तेव्हापासून मी ऐकतो तुमचं."

सिस्टरांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी समजावलं, वाचलेलं सगळं सांगितलं, हात जोडले. डॉक्टर येऊन सांगून गेले, भूलवाल्यांना फोनवर बोलायला लावलं. धोंडिबा ढिम्म! नर्सांची पानंच्या पानं भरत होती.

शेवटी धोंडिबांनाच सिस्टरांची दया आली. "द्या," ते म्हणाले. "एवढं बोलताय तर घेतो घोटभर. घसाही सुकलाय."

सिस्टरांनी ग्लास त्यांच्या हातात दिला, आणि सवयीने घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं.

मग उत्तरा सिस्टरांनी आठ नर्सांच्या देखत तो ग्लास हळूच काढून घेतला.

"आता नाही चालणार, काका."