पिशवी उघडू नये

वस्तू वाचवायची असेल, तर आधी ती वाया जावी लागते. हे सत्य जुनंच आहे, पण त्याचा घरगुती वापर अलीकडे सुरू झाला. पूर्वीची माणसं अडाणी. केळं पिवळं झालं की सोलून खात, आणि मग वाचवायला हातात काही उरत नसे. आताची माणसं शहाणी. ती केळी आणतात, टांगतात, नऊ दिवस त्यांच्याकडे बघत बसतात, आणि केळी पार काळी पडून आता फेकायचीच अशी वेळ आली की धावत जाऊन त्यांना वाचवतात. या वाचवण्याला केळ्याचा ब्रेड म्हणतात. त्यात दोन वाट्या मैदा, वाटीभर लोणी, वाटीभर साखर, दोन अंडी, मूठभर अक्रोड आणि तासभर ओव्हन कामी येतो. पण केळी वाचतात.

हा ब्रेड मळायचा नसतो, फुगायला झाकून ठेवायचा नसतो. सोडा घालायचा, ढवळायचा आणि भाजायचा, म्हणून त्याची जात झटपट. (केळी काळी व्हायला नऊ दिवस, भाजायला एक तास, निवायला एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी चव मुरते म्हणून आणखी एक दिवस. नाव सोनुबाई.)

चौथ्या मजल्यावरच्या ज्या घरात हे वाचवकार्य दर रविवारी चालायचं, त्या घराच्या कर्त्या म्हणजे मोठीआई. तिसरीच्या वर्गाच्या उंबरठ्यावरून परत फिरलेल्या, पण त्यानंतर कुणापुढे मान खाली घातली नाही. चाळीस वर्षं त्यांनी या घरात एकच कायदा चालवला: वाया काही जाता कामा नये. पानातलं टाकलं तर त्या ओरडत नसत. संध्याकाळी तेच पान तसंच पुढे ठेवत. असल्या कायद्यात वाढलेला मुलगा पुढे वजनमापं तपासणारा अधिकारी झाला, यात नवल नाही. सून साबणाच्या कारखान्यात माल तपासायची. वडी वाकडी निघाली, वास उतरला, की सगळा घाणा परत. नात कॉलेजात होती आणि ताटात आलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून मगच ती खायची. (खायचीच असं नाही.)

सुनेने घरात केळ्याचा ब्रेड आणला, तो मोठीआईंच्याच कायद्याला धरून. "आई, तुम्हीच सांगता ना, वाया घालवायचं नाही," असं ती म्हणाली आणि फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. तक्त्यात केळ्याच्या चार अवस्था होत्या. पहिली, हिरवी: खाण्यास अयोग्य. दुसरी, पिवळी: प्रतीक्षाधीन. तिसरी, ठिपक्यांची: कागदी पिशवीत घालणे, तोंड दुमडणे, तारीख टाकणे, पिशवी उघडू नये. चौथी, काळी: वापरण्यास योग्य. खाण्याची अवस्था तक्त्यात नव्हती. ती राहून गेली असावी, असं आधी मोठीआईंना वाटलं.

पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब असा. ब्रेड झाले तेवीस. घरात खाल्ले गेले चार, लोकांना दिले नऊ, फ्रीजरमध्ये मुक्कामाला सहा. (उरलेल्या चारांबद्दल घरात कुणी बोलत नाही.) फोटो निघाले तेवीस. 'काय सुरेख झालाय' असं म्हटलं गेलं तेविसांनाही. वाचवलेली केळी एकशे पंधरा. खाल्लेली केळी, एकही नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मोठीआईंचे खालचे दात गेले.

गेले म्हणजे उरलेले चार, शेजारी राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरणीने काढले आणि कवळीचं माप घेतलं. कवळी यायला पाच आठवडे लागतील, तोवर मऊ खा, असं ती म्हणाली. रोज एक केळं खा, म्हणाली, त्याच्यासारखं काही नाही. मोठीआई घरी आल्या. ओट्यावरच्या आकड्याला पाच केळी टांगलेली होती. पिवळीधमक, सालीवर नुसता एखादा तीळ. मोठीआईंनी हात वर केला.

सून नाही म्हणाली नाही. कुणी तिला नाव ठेवू नये. ती म्हणाली, "घ्या ना आई. तुमच्याचसाठी आहेत सगळी. फक्त मग रविवारचा ब्रेड चारच केळ्यांचा होईल. बघू, काहीतरी करू."

ज्या बाईने उभ्या आयुष्यात 'बघू, काहीतरी करू' असं दुसऱ्यांना ऐकवलं, तिला ते पहिल्यांदा स्वतःला ऐकावं लागलं. हात खाली आला. "मला कशाला हवंय," मोठीआई म्हणाल्या. "धूळ बसलीय का बघत होते."

ब्रेड खावा, तर त्यात अक्रोड. मऊ म्हणून ज्याची ख्याती, त्याचा कडेचा पापुद्रा असा की दात असणाऱ्यांनीही एकमेकांना आग्रह करावा. फळवालीकडून आपल्यापुरती केळी आणावीत, तर जिना चार मजल्यांचा आणि गुडघे दोन. शिवाय आपल्याच घरात वेगळं केळं आणून लपून खायचं, हे मोठीआईंच्या रक्तात नव्हतं. घरातलं केळं लपून खाणं निराळं. ते पुढे आलं.

ते असं. दिवसभर घरी कोण, तर मोठीआई. म्हणून सुनेने त्यांच्याकडे जबाबदारी सोपवली. सकाळ-दुपार केळ्यांवर नजर ठेवणे, ठिपके पडले की पिशवीत घालणे, कुणी हात लावू लागल्यास रोखणे. तक्त्याच्या तळाशी तिने 'देखरेख: आई' असं सुंदर अक्षरात लिहिलं. मोठीआईंनी ते एकेक अक्षर जोडून वाचलं. ज्या स्वयंपाकघरात त्यांच्या परवानगीशिवाय कुणी चमचा हलवत नसे, तिथे त्यांना आता हुद्दा मिळाला होता. दाताविना राहिलेल्या माणसाला फळाच्या राखणीला बसवणं, याहून चोख व्यवस्था कुठल्या खात्याला सुचली नसती.

सोमवारी ठिपके पडले. मोठीआईंनी नियमाप्रमाणे पाच केळी कागदी पिशवीत घातली, तोंड दुमडलं, नातीकडून तारीख टाकून घेतली आणि पिशवी फ्रिजवर ठेवली. मंगळवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की पिशवीत काय आहे ते पिशवी न उघडता कुणालाच कळत नाही, आणि पिशवी उघडायला तर बंदी आहे. नियम करणारे नियम करतात तेव्हा कुंपणाचा विचार करत नाहीत, शेताचाच करतात.

मंगळवारी एक केळं गेलं. बुधवारी एक. गुरुवारी तिसरं गेलं आणि पिशवी हलकी दिसू लागली, म्हणून मोठीआईंनी आत तीन कांदे ठेवले. शनिवारपर्यंत केळी संपली आणि कांदे पाच झाले. साली कुंडीतल्या मातीत पुरल्या. (झाडाला चांगल्या असतात. वाया काही गेलं नाही.)

शनिवारी संध्याकाळी मुलाने पिशवी उचलली, हातावर तोलली आणि दिवसभर दुकानदारांचे तराजू धरणाऱ्या माणसाच्या खात्रीने म्हणाला, "बरोबर आहेत." एरवी नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण पिशवीतल्या कांद्यांचा वास काही त्याला आला नाही.

रविवारी सकाळी कारखान्यातून फोन आला. साबणाच्या वड्यांना तडे गेले होते. सुनेला जाणं भाग होतं. आणि त्याच दिवशी पाच वाजता तिची साहेबीण पहिल्यांदा घरी यायची होती, खास तो प्रसिद्ध ब्रेड खायला. साहेबीण कडक. माल तपासणाऱ्यांची तपासणी करणारी. सुनेने सतरा कलमांचा कागद मोठीआईंच्या हातात ठेवला. कलम नऊ: दहा वेळाच ढवळणे, अकराव्यांदा नको. कलम बारा: कृपया मळू नये. पायात चपला सरकवत ती म्हणाली, "आई, तुमच्यावर सोडून चाललेय. केळी तेवढी नीट कुस्करा."

बढतीच्या यादीत सुनेचं नाव होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोठीआईंनाही. सून दाराबाहेर गेली, मुलगा दूध आणायला गेला, नात झोपली होती. मोठीआई पिशवी घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. आत पाच कांदे.

खरं सांगून टाकावं, असा विचार त्यांच्या मनात आला. तो आला तसा त्यांनी त्याला चहा न विचारता परत पाठवला. चाळीस वर्षं लोकांना पानातलं टाकू नका म्हणून दरडावणारी बाई केळी चोरून खाते, हे एकदा बाहेर पडलं असतं, तर पुढची चाळीस वर्षं पुरलं असतं.

कोपऱ्यातल्या टोपलीत अर्धा लाल भोपळा होता. या घरात भोपळा कुणी खात नसे. मुलगा तर लहानपणापासून भोपळ्याचं नाव काढलं तरी पानावरून उठायचा. तो अर्धा भोपळा आठ दिवस वाया जायची वाट बघत होता, पण त्याला वाचवायला कुणी तक्ता लावला नव्हता. मोठीआईंनी तो कापला, कुकरमध्ये तीन शिट्ट्या दिल्या, फडक्यात बांधून पिळून पाणी काढलं आणि असा कुस्करला, की तोही स्वतःला केळं समजला असता. रंगासाठी थोडी साखर जाळली. अक्रोड कुटून पीठ केलं. ढवळलं बरोबर दहा वेळा. अकराव्यांदा ढवळायचा मोह झाला, पण आवरला. माणसाने एका दिवशी एकच नियम मोडावा. शेवटी कुंडी उकरून पाचही साली काढल्या, धुतल्या आणि कचऱ्याच्या डब्यात वरच्या वर पसरल्या. माल तपासणारी सून होती. पुरावा लागणारच.

पाच वाजता साहेबीण आली. सुनेने घरात पाऊल टाकताच आधी डबा बघितला, साली मोजल्या आणि मग हसली. ब्रेड कापला. नातीने फोटो काढला. साहेबिणीने तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले, खाल्ला. मग तिने दुसरा तुकडा स्वतःहून उचलला.

"केळ्याचा वास बघा काय उतरलाय," ती म्हणाली. "लोक घाई करतात हो. केळी नीट काळी होऊ देत नाहीत."

सुनेने पिशवीचं शास्त्र समजावून सांगितलं. मुलाने वजनाचं सांगितलं, आणि सांगता सांगता चार तुकडे खाल्ले. भोपळ्याच्या नावाने उठणारा माणूस बशी पुसत म्हणाला, "आई, केळं म्हणजे केळंच."

मोठीआई खुर्चीत बसून मऊ मऊ तुकडा हिरड्यांवर घोळवत होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी आपलं श्रेय दुसऱ्याच्या पदरात कधी पडू दिलं नव्हतं. साध्या चहाचं कौतुक झालं, तरी पाणी मी तापवलं असं त्या सांगत. आत्ता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलल्या असत्या तर साहेबिणीपुढे सुनेची आणि तिच्या तक्त्याची फजिती झाली असती, मुलाच्या जिभेची तर कायमची झाली असती, आणि गावभर झालं असतं की मोठीआईंच्या हाताला तोड नाही. पण मग सोमवारपासून पिशवीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

"नेमकं काय केलंत आई?" सुनेने विचारलं.

"तू लिहिलंस तेच," मोठीआई म्हणाल्या. "माझं काय त्यात."

आयुष्यात एवढं महाग वाक्य त्या कधी बोलल्या नव्हत्या.

साहेबीण गेल्यावर तक्ता सुधारला. पिशवीचा काळ सहावरून आठ दिवसांवर गेला. केळी पाचाऐवजी आठ झाली. 'पिशवी उघडू नये' याखाली दोन रेघा आल्या. 'देखरेख: आई' कायम राहिलं. सतरा कलमांचा कागद साहेबिणीने मागून नेला आणि त्याच्या प्रती कारखान्यातल्या त्रेचाळीस घरांत गेल्या. (पैकी एकेचाळीस जणींनी कळवलं, की तुमच्यासारखा होत नाही. साहेबिणीने उत्तर दिलं, केळी अजून काळी होऊ द्या.) बढतीही झाली. ती ब्रेडमुळे झाली असं कुणी म्हणत नाही, ब्रेडशिवाय झाली असंही म्हणत नाही.

सोमवारी सुनेने भाजीची यादी फ्रिजवर लावली. मोठीआईंनी अक्षरं जोडत वाचली. कांदे एक किलो. केळी आठ. आणि सगळ्यात खाली, त्याच सुंदर अक्षरात: लाल भोपळा, एक. कशासाठी ते लिहिलं नव्हतं. मोठीआईंनी विचारलं नाही. सुनेनेही सांगितलं नाही. माल तपासणाऱ्या बाईला कुठला माल परत पाठवायचा नाही हेही कळतं, एवढं त्या दिवशी मोठीआईंनी तिच्याबद्दल मान्य केलं. अर्थात, मनात.

आता हे वाचून कुणी हसत असेल, आणि आपल्याला पहिल्याच घासाला भोपळा कळला असता असं त्याला वाटत असेल, तर त्याने परवा कुणाकडे तरी खाल्लेला तो ब्रेड आठवावा. केळ्याचा वास सुरेख उतरलाय, असं तुम्हीच म्हणालात. दुसरा तुकडाही मागून घेतलात. कृती हवी असेल तर साहेबिणीकडे मागा, ती देईल. फक्त त्या घरातल्या म्हातारीला विचारायला जाऊ नका. ती आत्ता बोलणार नाही. तिच्या तोंडात केळं आहे.