आयत्या वेळचा विषय

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं जाणती माणसं सांगून गेली आहेत. युद्धाचंही तसंच आहे. आधी करून पाहावं, कशासाठी ते मग पाहता येतं. आमची परदेशी लष्करी मोहीम समिती याच सूत्रावर चालते आणि तिचा सदस्य-सचिव म्हणून मला तिचा रास्त अभिमान आहे.

मागची सभा नमुनेदार झाली. पहिला विषय, मोहिमेचं नाव. 'गरुडझेप' की 'सिंहगर्जना' यावर सकाळ गेली; शेवटी एकमताने 'गरुडगर्जना' ठरलं. (गरुड गर्जत नाही, हे पशुवैद्य सदस्यांचं मत इतिवृत्तात नोंदवलं आहे.) मग पदकाच्या फितीचा रंग. मग विजयी मिरवणुकीचा मार्ग. त्यावर एका सदस्यांच्या मेहुण्याचं दुकान असल्याने चर्चा सखोल झाली. विरोधी सदस्यांनी मोहिमेला कडाडून विरोध केला आणि मिरवणुकीत पुढची रांग मागितली.

मोहीम कशासाठी, हा प्रश्न आम्ही टाळतो असं काही लोक म्हणतात. साफ खोटं. तो शिरस्त्याप्रमाणे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात सगळ्यात शेवटी असतोच. तोवर जेवणाची वेळ होते, निम्मे सदस्य उठतात आणि गणसंख्या मोडते, त्याला समिती काय करणार?

त्या दिवशी मात्र टिपण घेणाऱ्या बाईंनी मध्येच पेन खाली ठेवलं. त्यांचा मुलगा पहिल्या तुकडीत. सामान बांधून तयार.

"साहेब, तो परत कधी येईल?"

आमचे अध्यक्ष मनाने हळवे. म्हणाले, "काम झालं की लगेच, बाई."

"पण काम काय आहे?"

"अहो, तेच तर शेवटच्या विषयात आहे."

सगळे जेवायला गेले. बाई रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिल्या, शेवटचा विषय निघेल म्हणून. मला फार वाईट वाटलं. मी पंखा चालू ठेवला.

तुकडी गेली. वाहिन्यांनी जनमत घेतलं: चौऱ्याण्णव टक्के 'हो', पाच टक्के 'कधीच जायला हवं होतं', उरलेल्यांचा फोन लागला नाही. बाईंचा मुलगा अजून आलेला नाही. पत्रही नाही. विषय पुढच्या सभेत आहे.

तुम्हाला आमची समिती हास्यास्पद वाटली असेल. वाटू द्या. पण तुम्ही इथवर वाचलंत, हसलात, बाईंसाठी चुकचुकलातही. तुकडी कोणत्या देशात गेली, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?